एक्केचाळीस नंबरची पट्टी

"काका, ही पट्टी जरा बघता का?"

रेहानाने चिमट्यात धरलेली पट्टी माझ्यापुढे केली. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मी खिडकीजवळच्या टेबलावर पेशी मोजत बसलो होतो. मोजणी अर्धवट सोडली की पहिल्यापासून करावी लागते, म्हणून मी हातानेच 'थांब' केलं. ती थांबली. एरवी ती अशी थांबायची नाही, पट्टी ठेवून निघून जायची. हे मला आता आठवतं, तेव्हा लक्षात आलं नाही.

कराडला दत्त चौकाजवळ पहिल्या मजल्यावर डॉक्टर गुळवणींची लॅब होती. मी तिथे अकरा वर्षं टेक्निशियन होतो आणि रेहाना मुजावर दोन वर्षांपूर्वी लागली होती. प्रथिनं वेगळी करायचं यंत्र साहेबांनी नुकतंच घेतलं होतं. रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, पट्टीवर रेघेसारखं लावायचं आणि पट्टीतून वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वेगाने पळतात आणि वेगवेगळ्या जागी थांबतात. मग पट्टी रंगवली की पाच पट्टे दिसतात. आठवड्यातून एकदाच आम्ही ते यंत्र लावायचो आणि ते काम मी रेहानाला शिकवलं होतं.

मोजणी झाली. मी पट्टी घेतली, उजेडाकडे धरली आणि खुर्चीतून उठलोच.

"शाबास!" मी म्हणालो. "अगं, ही पुस्तकात छापायची पट्टी आहे."

"हो?"

"बघ की. हा शेवटचा पट्टा एरवी कसा असतो? पसरट, फिकट. कारण तिथं शंभर प्रकारची प्रथिनं असतात, कुणी पुढं, कुणी मागं. इथं बघ. एकच रेघ. काळी, बारीक, पेनानं मारल्यासारखी. म्हणजे काय झालं?"

"एकाच प्रकारचं प्रथिन वाढलं."

"आणि ते कोण तयार करतं?"

"हाडांच्या मगजातल्या पेशी."

"एकाच पेशीची पिल्लावळ. तीच वाढत सुटली आणि तेच एक प्रथिन ओतायला लागली. मायलोमा. मी सातारला होतो तेव्हा अशी रेघ एकदा बघितली होती, ती पण इतकी साफ नव्हती. पेशंट किती वर्षांचा?"

"सत्तेचाळीस."

"बाई की बुवा?"

"बाई."

"मग लिहून घे, मी न बघता सांगतो. कंबर दुखत असणार. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. दमत असेल, जिना चढताना थांबत असेल. घरचे म्हणत असतील अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घे. कुणाची आहे?"

पट्टीच्या कडेला पेन्सिलीने ४१ लिहिलं होतं. नाव नव्हतं. रेहाना नॅपकिनला हात पुसत राहिली.

"साहेबांनी तुम्हाला आत बोलावलंय," ती म्हणाली.

नाव न घालता नुसता नंबर टाकायची पद्धत आमच्या लॅबमध्ये एकाच कारणासाठी होती. सॅम्पल लॅबमधल्याच कुणाच्या घरचं असलं, की गुळवणी साहेब ते नंबरावर चालवायचे आणि त्या माणसाला हात लावू द्यायचे नाहीत. आपल्या माणसाचं रक्त असलं की डोळे आपल्याला हवं तेच बघतात, असं ते म्हणायचे. हे मला अकरा वर्षं माहीत होतं. तरी केबिनच्या दारापर्यंत मी ती पट्टी हातात धरून खुशीत चालत गेलो.

"बसा, माळवदे," साहेब म्हणाले.

त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. मग मला कळलं.

ते खुर्ची सोडून माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. "तुम्ही मागच्या आठवड्यात चहाच्या वेळी सांगितलंत ना, बायको बुटकी होत चाललीय म्हणते. सगळे हसले. मी पण हसलो. घरी गेल्यावर मला ते सोडेना. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई दीड इंच कमी होत नाही, माळवदे. म्हणून रेहानाला पाठवलं, रविवारी. ब्लाउज आणायच्या निमित्तानं. वहिनींना सांगून रक्त घेतलंय. तुम्हाला सांगू नका असं मीच बोललो. पट्टीही मी आधी बघितली, मग नाव न सांगता तुम्हाला दाखवायला लावली."

"एक्केचाळीस म्हणजे..."

"हो."

मी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "पट्टी चांगली आलीय, साहेब. रेहानाचा हात बसला."

"बसला," साहेब म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

शालन शिवणकाम करायची. आम्ही शिंपीच, पण मी मशीनला कधी बसलो नाही. आमच्या घरातला खरा शिंपी तीच. सोमवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत तिचं मशीन. लग्नसराईत बायका दारात चपला काढायला जागा उरणार नाही इतक्या यायच्या. माप घेताना ती आकडे लिहायची नाही, सगळे डोक्यात ठेवायची. एखादी बाई पुन्हा वर्षाने आली, तर टेप लावायच्या आधीच सांगायची, "अर्धा इंच वाढलायसा, वहिनी. माहेरी जाऊन आलाय वाटतं."

दिवाळीनंतर तिचा परकर जमिनीला लोळायला लागला. पहिल्यांदा ती म्हणाली नाडी सैल झाली असेल. मग दुसराही लोळायला लागला. तिने टेप दाराच्या चौकटीला लावला, पाठ टेकून उभी राहिली आणि मला पेन्सिलीने खूण करायला लावली.

"पाच फूट दीड इंच होते मी लग्नात," ती म्हणाली. "आता बघा, नेमकी पाच फूट. तुमच्या घरात येऊन माणूस झिजतं ते असं."

मी हसलो. तिने दोन्ही परकरांना दुमड घातली आणि विषय संपला. तोच विनोद मी लॅबमध्ये सांगितला होता. मणका खचत चालला होता आणि मी तो विनोद चहाबरोबर सांगितला.

पण ते तेवढंच असतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

त्याच्या आठ महिने आधी, मे महिन्यात, शालन दुपारची लॅबमध्ये आली होती. उन्हातून चालत आली होती आणि जिन्यात दोनदा थांबली होती. "मला काय झालंय ते बघा," ती म्हणाली. "मशीनवर बसलं की कंबर भरून येते आणि दुपारी डोळेच उघडत नाहीत."

रेहाना सुई घेऊन उठली. शालन म्हणाली, "तू नको गं बाई. ह्यांनीच काढायचं. सगळ्या गावाचं काढतात, बायकोचं एकदा काढू देत."

साहेब मिरजेला गेले होते. नियम मला माहीत होता. पण बायको समोर हात पुढं करून बसलीय, तिला काय सांगायचं? मी रक्त काढलं आणि तिला घरी पाठवलं. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन आलं. उरलेल्या रक्ताचा मी ईएसआर लावला. काचेच्या उभ्या नळीत रक्त भरून एक तास ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. बायकांचं वीसपर्यंत चालतं. शालनचं एकशे अठरा आलं.

त्या धंद्यातला माणूसच करील अशी चूक मी केली. बाहेरच्या माणसाला एकशे अठरा आकडा दिसला असता तर तो घाबरला असता. मला तो आकडा खोटा कसा असू शकतो याची तीन कारणं पाठ होती. मे महिना, उकाड्यात ईएसआर वाढतो. आमच्या स्टँडचा एक पाय बसका होता, नळी जरा कलली की पेशी भराभर खाली येतात. आणि रक्त कमी असलं की तो वाढतोच. तिन्ही कारणं खरी होती. मी त्यांची बेरीज केली आणि आकडा सोडून दिला.

मग काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. तांबड्या पेशी सुट्या दिसायला हव्यात. त्या एकावर एक बसल्या होत्या, नाण्यांची चळत लावावी तशा. तिथेही कारण तयार होतं. काचेच्या जाड भागात त्या तशा दिसतातच. मी पातळ भागाकडे काच सरकवली नाही.

रेहाना मागून वाकून बघत होती. "काका, ही साहेबांना दाखवू या?"

"घरचं आहे, त्यात काय दाखवायचं? अशक्तपणा आहे."

तिने काचेवर पेन्सिलीने 'शा' लिहिलं आणि ती पेटीत ठेवून दिली. रजिस्टरला काही लिहिलं नाही. चिठ्ठीवर मी फक्त हिमोग्लोबिन लिहिलं. येताना मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणि कमरेला लावायचं मलम घेतलं. नातेवाइकांत आणि गल्लीत मी अर्धा डॉक्टरच होतो. शालनने त्या गोळ्या आठ महिने एक दिवस न चुकता घेतल्या.

पट्टी आली त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडल्यावर मी पहिल्यांदा त्या पेटीकडे गेलो. मेची काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावली. या वेळी पातळ टोकाकडे सरकवली. अगदी टोकाला, जिथे पेशी एकमेकींपासून लांब पडायला हव्यात, तिथेही चळतीच होत्या. शिकाऊ पोरीनेही ओळखलं असतं. शिकाऊ पोरीने ओळखलंच होतं.

काचा टाकायची एक बादली असते, ब्लीचच्या पाण्याची. त्यात मी ती काच सोडली.

जेवायच्या सुट्टीत रेहाना माझ्याजवळ आली. "काका, मेमधली वहिनींची स्लाइड..."

"कुठली स्लाइड?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग डबा उचलून ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

घरी गेलो तेव्हा शालन बाहीला हातशिलाई करत होती. तिने वर बघितलं नाही.

"आलं का रेहानाचं?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"माझं रक्त काढलं तर मला नको का माहीत असायला? काय आलं?"

"रक्तात एक प्रथिन वाढलंय. हाडाच्या आत ज्या पेशी असतात, त्यातली एक जात..."

"कॅन्सर?"

मी मान हलवली.

"कॅन्सर म्हणा की. जीभ चावली काय?" तिने दोरा दाताने तोडला. बाही उलटून शिवण तपासली. मग म्हणाली, "हे ब्लाउज परवा द्यायचंय. लग्न आहे त्या पोरीचं. बाकीचं नंतर बोलू."

दुसरी बाही तिने पुरी केली. मी शेजारी बसून होतो. चहा तिनेच केला. कप देताना म्हणाली, "हेमाला पेपर झाल्याशिवाय कळवायचं नाही." हेमा आमची मुलगी. तेव्हा ती कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

साहेबांनी चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली होती. हे प्रथिन लघवीतूनही जातं आणि लघवीत बुडवायच्या आमच्या साध्या पट्टीला ते सापडत नाही, म्हणून वेगळी तपासणी करावी लागते. मी पाच लिटरचा कॅन धुऊन, वाळवून घरी नेला आणि शालनला समजावलं, सकाळी सातपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंत, एक थेंब बाहेर जाता कामा नये.

"उद्या माझं हळदीकुंकू आहे," ती म्हणाली.

"पुढं ढकल."

"गल्लीतल्या तीस बायकांना सांगून झालंय. काय सांगू, कॅन भरायचाय म्हणून?"

तिने हळदीकुंकू केलंच. पाठीला मी पट्टा बांधून दिला, त्यावर तिने इरकल नेसली. पुरुषाने अशा वेळी घराबाहेर जायचं असतं, पण कॅनवर लक्ष ठेवायला मला तिने स्वयंपाकघरात बसवलं. कॅन मोरीजवळ कोपऱ्यात होता, वर फडकं टाकलेलं. तिळगूळ, वाण, उखाणे, सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. शालनने नाव घेतलं तेव्हा मीही कान टवकारले. तिने माझं नाव लॅबच्या नळीत आणि सुईत असं काही गुंफलं की बायका टाळ्या पिटत हसल्या.

एवढ्यात थोरातकाकी हात धुवायला आत आल्या. वय सत्तर, नजर कावळ्याची. मला बघून पदर सावरला आणि नंतर त्यांनी सरळ फडकं उचललं.

"शालन, काय गं हे?"

शालन मागोमाग आली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "गोमूत्र आहे, काकी."

"अगं बया! एवढं? कुठनं मिळालं?"

"ह्यांच्या ओळखीचा एक गोठा आहे."

"मग दे की मला वाटीभर. नव्या खोलीत शिंपडायचंय, केव्हाची शोधतेय."

मी चुलीकडे तोंड करून उभा राहिलो. खांदे हलायला लागले होते.

"ह्यातलं नाही देता येत, काकी," शालन म्हणाली. आवाज अगदी सरळ. "मोजून आणलंय. लॅबला द्यायचंय."

"लॅबात गोमूत्र तपासतात?"

"आजकाल काय सांगावं, काकी. सगळंच तपासतात."

काकी परत जाता जाता सांगून गेल्या, उरलं तर आठवण ठेव. बायका गेल्यावर शालन पाटावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने दोन्ही हातांनी कंबर धरली. "नका हसवू, अहो, नका. दुखतंय." आणि हसतच होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्याही आलं. कुणाचं कशाने आलं ते आम्ही विचारलं नाही.

त्या घरातले सत्तावीस वर्षांतले पुष्कळ दिवस मी विसरलो. ती संध्याकाळ मला सबंध आठवते. भांड्यात उरलेला तिळगूळ, तिच्या कपाळावरचं बायकांनी लावलेलं जाड कुंकू, आणि कोपऱ्यातला कॅन.

दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन मी निघालो तर ती म्हणाली, "मी पण येते. एवढा सांभाळलाय, त्याचं काय होतं ते बघू तरी."

गुळवणी साहेबांनी तिला नाही म्हटलं नाही. त्यांनी तिच्यासाठी हाताची खुर्ची मागवली आणि टेबलाजवळ बसवली. नव्या यंत्रावर लघवीचीही पट्टी लागणार होती, पण साहेबांना जुनी पद्धत आवडायची. त्यांनी लघवी परीक्षानळीत घेतली, पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर उभा केला आणि खाली बर्नर लावला.

"बघा, वहिनी. आता स्वच्छ आहे."

"सरबतासारखी," शालन म्हणाली.

"पन्नासच्या पुढं बघत राहा."

आम्ही चौघं होतो. साहेब आणि शालन टेबलाशी, मी त्यांच्या मागे, आणि रेहाना सिंकवर नळ्या धूत. पारा पन्नासच्या वर गेला तशी नळी धुरकट व्हायला लागली. साठला ती पांढरी झाली, ताक घुसळावं तशी.

"अगं बाई," शालन म्हणाली.

"हेच ते. आता उकळू देऊ."

पाणी खळखळायला लागलं. नळीतलं पांढरं हळूहळू विरलं आणि नळी जवळजवळ पुन्हा स्वच्छ झाली. दुसरं कुठलं प्रथिन असतं तर उकळल्यावर अंड्यासारखं घट्ट झालं असतं. हे एकच असं वागतं.

"गेलं?" शालनने विचारलं.

"गेलं नाही. दिसत नाही, इतकंच. गार करा, परत येईल."

साहेबांनी नळी बाहेर काढून तिच्या हातात दिली, फडक्यात गुंडाळून. तिने ती गार होईपर्यंत धरली. पांढरं परत आलं. ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिने विचारलं. माझ्याकडे वळून नाही, साहेबांना. "डॉक्टर, हे आधी कळलं असतं का? मे महिन्यात ह्यांनी माझं रक्त तपासलं होतं."

साहेबांनी बर्नर बंद केला. "मेमध्ये? रजिस्टरला नाही."

"घरचं म्हणून लिहिलं नसेल," ती म्हणाली. "मी इथंच बसले होते."

"काय काय केलंत, माळवदे?"

सिंकवरचा नळ थांबला. रेहाना वळली नाही. तिच्या हातात नळी होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती.

शालन आता माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय असता तर मी कदाचित खरं बोललो असतो. संशय नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती, दुकानदाराला कापडाचा पन्हा विचारावा तशी.

"फक्त हिमोग्लोबिन," मी म्हणालो. "ईएसआर लावला नव्हता. स्लाइडही केली नव्हती."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग शालनला म्हणाले, "नुसत्या हिमोग्लोबिनवर हे कळत नाही, वहिनी."

"मग झालं," शालन म्हणाली. "उगाच मनात होतं. रात्री अंथरुणात तेच यायचं, मी तेव्हाच नेट लावून सांगायला पाहिजे होतं का." तिने नळी साहेबांना परत दिली. आणि तिचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला. "आणि शोधलं पण ह्यांनीच की. रेहाना सांगत होती. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, नुसती पट्टी बघून ह्यांनी सगळं सांगितलं. कंबर दुखते, जिना चढताना थांबते. होय ना गं, रेहाना?"

"हो, वहिनी," रेहाना म्हणाली. नळ परत सुरू झाला.

शालनला रिक्षात बसवून मी वर आलो. साहेब नळी धुवायला टाकत होते.

"माळवदे, एकाच रक्तातून हिमोग्लोबिन करायचं आणि ईएसआर लावायचा नाही, असं तुम्ही अकरा वर्षांत कधी केलंय?"

मी कॅनचं झाकण घट्ट करत राहिलो.

"ठीक आहे. प्रश्न वहिनींचा होता, माझा नाही."

"साहेब, आठ महिन्यांनी किती फरक..."

"मणका वाचला असता, कदाचित. आयुष्याचं मला सांगता येणार नाही. आणि ते मला परत विचारू नका."

मी परत विचारलं नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. रेहानाने पुढे लग्न करून उंब्रजला स्वतःची लॅब काढली. दर ईदला शीरखुर्मा पाठवते, आणि अजून मला काका म्हणते.

शालन त्यानंतर तीन वर्षं आणि दोन महिने होती. महिन्यातून चार-पाच दिवस गोळ्या, मग रक्त, मग पुन्हा गोळ्या. मधलं एक वर्ष तर बरं गेलं. पट्टीवरची रेघ फिकट झाली होती. मशीन पायाने चालवणं जमेना म्हणून तिला मोटर लावून दिली. संध्याकाळी आम्ही हळूहळू प्रीतिसंगमावर जायचो, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथे, आणि बाकावर बसायचो. ती भेळेतल्या कैऱ्या मला द्यायची आणि शेंगदाणे स्वतः घ्यायची.

त्या तीन वर्षांत तिने ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. भेटायला आलेल्या नणंदेला, गिऱ्हाइकांना, थोरातकाकींना, हॉस्पिटलमधल्या सिस्टरला. "आमच्या ह्यांनी ओळखलं. नाव माहीत नव्हतं, काही नाही. नुसती पट्टी उजेडाला धरली आणि म्हणाले, ही बाई आजारी आहे." प्रत्येक वेळी ती थोडी थोडी वाढवायची. शेवटी शेवटी त्यात असंही आलं, की मी पट्टी बघितली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, जणू मला आतून कळलंच होतं. मला पाणी आलं नव्हतं. मी शाबास म्हणालो होतो.

एकदा बाकावर ती म्हणाली, "मी ते सांगायला लागले की तुम्ही उठून का जाता हो?"

"मला माझं कौतुक ऐकायला आवडत नाही."

"मला आवडतं तुमचं कौतुक करायला. बसत जावा जरा." भेळेचा कागद चुरगळून तिने माझ्या हातात दिला. "दुसरं काय राहिलंय माझ्याकडं सांगायला?"

तेव्हा सांगता आलं असतं. बाकावर आम्ही दोघंच होतो. ती रागावली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मग बोलली असती. मी तिला ओळखत होतो. पण तिच्याकडे ती एक गोष्ट होती आणि ती मी काढून घेऊ शकलो नाही. असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला भीती वाटली.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये तिची किडनी बंद पडली. शेवटच्या आठवड्यात ती फारशी बोलली नाही. मला एवढंच म्हणाली, "पिवळं ब्लाउज पाटलांच्या सुनेचं आहे. हुक लावायचे राहिलेत, कुणाकडून तरी लावून घ्या." ते मी स्वतः लावले. वाकडे लागले. पाटलांच्या सुनेने तसेच ठेवले.

आता मला पंच्याहत्तरावं चालू आहे. हेमा सातारला कॉलेजात शिकवते. आईची ती गोष्ट तिने जशीच्या तशी उचलली आहे. दर वर्षी श्राद्धाच्या पंगतीत सांगते, वर्गात पोरांना सांगते, या दिवाळीत तिने आपल्या नव्या जावयाला सांगितली. सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवते. तिचा आवाज त्या वेळी आईसारखा होतो, आणि मी आता उठून जात नाही. बसून ऐकतो.

हेमाला मी अजून खरं सांगितलेलं नाही.